कोंड्याची साक्ष

१

विताकाका मेलेले मला सापडले. चौऱ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट, रविवारी सकाळी नऊची. विताकाका म्हणजे वितोमिर सेकुलिन, आमच्या लहानशा कारखान्यात बुरशी पिकवणारे मुख्य कारागीर.

उबेच्या खोलीचं दार ओढलं तेव्हा आधी लक्षात आली ती शांतता. त्या खोलीतला पंखा कधी बंद नसायचा. गुरुवारी संध्याकाळी सहाला आम्ही ओल्या गव्हाच्या कोंड्यात बिटाचा चोथा मिसळून त्यावर बुरशीचं बी पेरायचो आणि चारशे ताटं रचून ठेवायचो. तेव्हापासून रविवारपर्यंत तो पंखा घरघरत असे. बुरशीलाही श्वास लागतो, आणि वाढताना ती तापतेही. हवा खेळती नसेल तर स्वतःच्याच उबेनं ती मरून जाते.

आत वाफ कोंदली होती. मधल्या वाटेत, ताटांच्या दोन रांगांमध्ये, विताकाका कुशीवर पडले होते. गुडघे पोटाशी दुमडलेले, पाठ ताठ. गालांवर गुलाबी तजेला होता, म्हणून मला वाटलं झोपलेत. नाकावर चष्मा होता.

"विताकाका! अहो, उठा की!"

खांद्याला हात लावला. खांदा लाकडासारखा होता.

मी त्यांना ओढत बाहेर आणायला बघितलं, जमलं नाही. किती वेळ तिथे त्यांच्याजवळ उकिडवी बसले होते कोण जाणे. पाच मिनिटं, कदाचित जास्त. मग रस्त्यावर धावत जाऊन ओरडले.

डॉक्टर येईपर्यंत मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. रविवारी नऊ वाजता दोन ताटं शीतखोलीत ठेवायची, हे माझं चार वर्षांचं काम. माणूस आत मरून पडला होता, आणि माझ्या हातांनी दोन ताटं उचलून शीतखोलीत नेऊन ठेवली. हातांना दुसरं काही सुचलं नाही.

डॉक्टर आमच्या गावचे, म्हातारे. खोलीत डोकावून म्हणाले, "पंखा बंद, बुरशीनं हवा खाल्ली. गुदमरला बिचारा. कधी? या भट्टीत पडलेल्या माणसाचं मी काय सांगू? काल संध्याकाळ ते आज पहाट, कधीही."

तेवढ्यात आमचे वीजवाले फेरी-बाची आले. नाव फेरेन्ट्स कोचिश. पण मग्यार, म्हणजे हंगेरियन, लोक काकाला बाची म्हणतात, आणि आम्ही सर्बही त्यांना तेच म्हणायचो. शनिवारी दुपारी पंखा अडखळत होता, तो त्यांनीच सहा वाजेपर्यंत दुरुस्त केला होता. त्यांनी भिंतीवरची विजेची पेटी उघडली. एक तार स्क्रूतून निसटून लोंबत होती.

फेरी-बाचींनी टोपी काढली आणि ते तिथेच जमिनीवर बसले.

"लिहून घ्या," ते हवालदाराला म्हणाले. "माझ्या हातानं मेला तो."

२

सोमवारी तालुक्याहून तपास न्यायाधीश आल्या; आमच्याकडे अशा मृत्यूची चौकशी न्यायाधीशच करतात. कोसारा विदाक. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात पुरुषी बूट. आल्या आल्या त्यांनी फेरी-बाचींचा कबुलीजबाब वाचला आणि त्यांना समोर बसवलं.

"तार घट्ट केली होती की नाही?"

"केली होती, न्यायाधीशबाई. दोनदा पिळली. म्हणजे... केली असणार. चाळीस वर्षं करतोय."

"केली असणार, की केली?"

फेरी-बाचींनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "परवा विचारलं असतंत तर छातीठोक सांगितलं असतं. आता रात्रंदिवस तो स्क्रू डोळ्यांपुढे येतो, आणि दर वेळी सैल दिसतो. वय चौसष्ट आहे माझं, बाई. हात थरथरतात. घोटभर घेतोही मी. सगळं गाव तेच बोलतंय, आणि गाव काही खोटं बोलत नाही."

"गाव पुष्कळदा खोटं बोलतं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुम्ही घरी जा. आणि आणखी कशावर सही करू नका."

मग मला बोलावलं. "तू सावका. प्रयोगशाळेतली. हे काय बनवता तुम्ही इथे? समजेल असं सांग. मी गिरणीवाल्याची मुलगी आहे, कोंडा म्हणजे काय ते सांगायची गरज नाही."

मी सांगितलं. बुरशी कोंड्यावर वाढते आणि कोंडा पचवायला स्वतःतून एन्झाइम सोडते. विताकाका त्याला 'बळ' म्हणायचे. ते बळ आम्ही पाण्यात उतरवून घेतो, गाळतो, त्यात स्टार्च मिसळतो, पलीकडे वाळवणीच्या खोलीत मंद उबेवर वाळवतो, आणि ती पूड फळांच्या रसाच्या कारखान्यांना जाते. चिमूटभर टाकली की सफरचंदाचा गढूळ रस निवळतो.

"आणि बळ कधी भरतं कोंड्यात?"

"पहिले दोन दिवस फारसं नाही. नुसती पांढरी जाळी पसरते. खरं बळ तिसऱ्या रात्री भरतं. म्हणून तर विताकाका तिसऱ्या रात्री घरी जात नसत. शनिवारी इथेच राहायचे."

"म्हणजे शनिवारी सहा वाजता पंखा बंद पडला असेल, तर..."

"तर त्यानंतर तासा-दोन तासांत बुरशी तापून मेली असणार. बळ होतं तेवढ्यावरच थांबलं असणार. उलट कमीच झालं असणार."

त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. मला वाटलं, काही चुकीचं बोलले की काय.

"काल तू पाहिलास तेव्हा कोंडा कसा होता?"

"काळा."

"जळून काळा, की पिकून काळा?"

 पिकलेली बुरशी काळी भुकटी धरते, आणि तापून मेलेला कोंडाही काळपट पडतो. त्या वाफेत, त्या अवस्थेत, मी नीट बघितलंच नव्हतं.

"आता कसं सांगणार, बाई? आज सकाळीच सगळी ताटं खड्ड्यात ओतली. वर चुनाही टाकला."

"कुणाच्या हुकमावरून?"

"संचालकांच्या."

न्यायाधीशबाईंनी वही मिटली. तेव्हा कुठे मला माझी रविवारची लाज आठवली.

"बाई," मी म्हटलं, "शीतखोलीत दोन ताटं आहेत."

३

त्यांनी शीतखोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि संचालकांना भेटायला गेल्या. मला टिपणं घ्यायला सोबत नेलं.

इंजिनियर लालोशेविच चिडलेले होते. "कामगार गेला, माल गेला, आणि वर चौकशी! मी शुक्रवारपासून बेलग्रेडला होतो, चाळीस लोकांसमोर भाषण देत होतो. काल दुपारी परत आलो."

"वितोमिर सेकुलिनशी तुमचं भांडण होतं म्हणे."

"भांडण कसलं? वाळवणीच्या खोलीत कोळशाची शेगडी आहे. ती काढून विजेची बसवा म्हणून सारखी कटकट करायचा. मी म्हटलं, हंगाम संपू दे. याला भांडण म्हणतात?"

"ताटं फेकायची घाई का केलीत?"

"घाई? जळका कोंडा दोन दिवसांत घाण मारतो. आणि मला कोंड्यातलं काय कळतं? तिहोमिरनं सांगितलं, सगळं जळालंय, आजच पुरून टाकलं पाहिजे. म्हणून पुरलं."

तिहोमिर बोगारोशेव, आम्ही त्याला तिशा म्हणायचो, विताकाकांचा हाताखालचा माणूस आणि त्यांचा जावई. त्याला भेटायला आम्ही विताकाकांच्या घरी गेलो. दाराला काळं फडकं लावलं होतं. स्वयंपाकघरात नेवेना, त्यांची मुलगी, उत्तरकार्यासाठी गहू उकडत होती. तिनं आम्हाला न विचारता कॉफी ठेवली. डोळे कोरडे होते, आणि चमचा बशीवर वाजत होता.

तिशा टेबलाशी बसला होता. दोन दिवसांची दाढी. शेतातल्या बैलासारखा रुंद माणूस, पण त्या दिवशी कोट त्याला ढगळ होत होता.

"शनिवारी कुठे होतास?"

"सहा-साडेसहाला कामावरून निघालो. पेटकोवदानचा सण होता. माझ्या लग्नात जो पाठीशी उभा राहिला त्या मित्राच्या घरी, पलीकडच्या गावात, कुळाच्या संताची पूजा होती. पन्नास माणसं होती. विचारा कुणालाही."

"विचारलंय. पहाटे चारला निघालास म्हणतात. मग?"

"मग घरी आलो. झोपलो."

नेवेना चुलीकडूनच म्हणाली, "मी म्हटलं होतं बाबांना, तिशा जातोय तर तुम्हीही चला सणाला. म्हणाले, 'पोरी, तिसऱ्या रात्री बुरशीला एकटं सोडायचं नसतं. तापलेल्या लेकरासारखी असते ती.'"

तिशानं खुर्ची मागे सरकवली आणि तो अंगणात गेला.

"त्याला बाप नव्हता," नेवेना हळूच म्हणाली. "बाबांनीच त्याला काम शिकवलं. मला रडू येत नाही, तोच रडलाय."

न्यायाधीशबाईंनी कॉफी संपवली. "नेवेना, तुझे वडील उबेच्या खोलीत जाताना चष्मा घालून जायचे?"

"छे! वाफेनं आंधळा होतो म्हणायचे. दाराबाहेर खिळा आहे, त्यावर टांगून मगच आत. का?"

न्यायाधीशबाई उठल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टरांकडे चल. पुरण्याआधी रक्ताचा नमुना घ्यायचाय."

"कशासाठी, बाई? ते गुदमरलेच ना?"

"गुदमरलेल्या माणसाचे गाल तू कधी गुलाबी पाहिलेस?"

४

मंगळवारी सकाळी दहाला त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. संचालक आले, तिशा आला. फेरी-बाची दारात उभे राहिले, आत येईनात.

"काका, आत या," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "हे तुमच्यासाठीच आहे."

मग माझ्याकडे वळून: "सावका, तू रोज करतेस तेच कर. फक्त प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांग."

 मी शीतखोलीतलं एक ताट आणलं. कोंड्याची एकसंध चटई झाली होती, ती कुस्करली. मूठभर वजन करून घेतला, त्यावर पाचपट पाणी घातलं आणि अर्धा तास ढवळत राहिले.  भिजल्या कोंड्याचा वास सुटला, ओल्या जमिनीचा आणि थोडा सफरचंदाच्या सालींचा. विताकाकांच्या अंगाला नेहमी हाच वास असे. फेरी-बाचींनी तोंड फिरवलं.

"आता बळ पाण्यात उतरलंय," मी सांगितलं. फडक्यातून पिळून घेतलं, दाबयंत्राखाली चोथा दाबला, उरलेला गाळ यंत्रात फिरवून खाली बसवला. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी हाती आलं.

"आणि तुलना कशाशी?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"शनिवारी सहाला, घरी जाण्याआधी, मी नेहमीसारखा नमुना काढून शीतखोलीत ठेवला होता. अठ्ठेचाळीस तासांचा. त्याचंही पाणी काढलंय. पंखा तेव्हाच बंद पडला असेल, तर रविवारच्या ताटात याच्याहून जास्त बळ असूच शकत नाही."

कोमट पाण्याच्या टाकीत मी काचेच्या तीन नळ्या उभ्या केल्या. तिन्हींत सफरचंदाचा गढूळ रस. पहिलीत शनिवारचं पाणी टाकलं, दुसरीत रविवारचं. तिसरीत रविवारचंच, पण उकळून मारलेलं. घड्याळ लावलं.

पाच मिनिटं काही झालं नाही. संचालकांनी सिगारेट पेटवली. आठव्या मिनिटाला मधल्या नळीत धाग्यासारखं काहीतरी तरंगू लागलं. धाग्यांचे पुंजके झाले, पुंजके जड होऊन खाली बसायला लागले, आणि वरून रस उजळत आला. चौदा मिनिटं झाली तेव्हा नळीच्या मागे धरलेलं माझं बोट स्वच्छ दिसत होतं, नखासकट.

बाजूच्या दोन नळ्या अजून चिखलासारख्या होत्या. शनिवारच्या नळीला निवळायला तासभर लागला. उकळलेली निवळलीच नाही.

"चौदा मिनिटं म्हणजे काय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"पूर्ण पिकलेला माल, बाई. त्रेसष्ट तासांचा चांगला माल बारा-तेरा मिनिटं घेतो. हा शेवटी थोडा तापलाय, एवढंच."  "पंखा रात्रभर चालू होता. रविवारी पहाटेपर्यंत चालू होता."

दाराशी धप्पकन आवाज झाला. फेरी-बाची भिंतीला टेकले होते.

"म्हणजे मी तार..."

"तुम्ही तार घट्ट केली होती," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "दोनदा. पहाटे कुणीतरी ती सोडवली."

संचालकांच्या बोटांतली सिगारेट तशीच जळत होती. "मग वितोमिर पहाटे मेला? नऊच्या आत? तीन-चार तासांत ती खोली माणूस मारण्याइतकी बिघडते?"

"नाही बिघडत," मी म्हटलं. "डोकं जड होतं. मीच तिथे पाच मिनिटं बसले होते, मला काही झालं नाही."

"तेच," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "वितोमिर सेकुलिनला त्या खोलीतल्या हवेनं मारलंच नाही. तो तिथे आला तेव्हा मेलेला होता."

मी तिशाकडे पाहिलं. तो मधल्या नळीकडे बघत होता. इतका चांगला माल त्याने स्वतः पिकवला होता.

५

बुधवारी दुपारी विताकाकांना पुरलं. सगळं गाव आलं होतं. फेरी-बाची स्मशानाच्या फाटकाबाहेर उभे राहिले. कुणी त्यांना आत बोलावलं नाही, नळ्यांची गोष्ट अजून गावात पोचली नव्हती. जेवणावळ उठल्यावर न्यायाधीशबाईंनी तिशाला बाजूला घेतलं.

"तासभर माझ्याबरोबर ये. सावका, तूही चल."

त्यांनी आम्हाला वाळवणीच्या खोलीत नेलं. लहानशी खोली. भिंतीला पुडीच्या चाळण्या, कोपऱ्यात कोळशाची शेगडी, तिचं धुराडं छपरातून गेलेलं. शेगडीजवळ विताकाकांची खुर्ची होती, बसून बसून खोलगट झालेली.

"बस," त्या तिशाला म्हणाल्या.

"नको. उभा बरा आहे."

"मला वाटलंच होतं, या खुर्चीत तू बसणार नाहीस." त्यांनी स्वतःच त्या खुर्चीला पाठ टेकवली आणि गुडघे वाकवले. "वितोमिर असाच सापडला. गुडघे दुमडलेले, पाठ ताठ. वाईट हवेनं कोसळलेला माणूस हातपाय पसरून पडतो. हा बसलेला होता, तिशा. बसल्या जागी मेला, बसल्या जागी ताठरला, आणि मग कुणीतरी त्याला तसाच ताटांच्या गाडीवर घालून पलीकडे नेऊन आडवा केला. चष्मा काढायचं भान राहिलं नाही."

तिशानं नजर शेगडीकडे वळवली.

"आज सकाळी रक्ताचा निकाल आला. त्यात कोळशाचा विषारी वायू आहे. गाल गुलाबी होतात ते त्यानंच. या इमारतीत कोळसा फक्त इथे जळतो. धुराड्याची झडप बंद असेल आणि पुडीला वारा लागू नये म्हणून खिडक्याही बंद असतील, तर तासा-दीड तासात माणूस झोपेतच संपतो. सावका, वितोमिर झडप बंद करायचा कधी?"

"कधीच नाही, बाई. आम्हाला पहिल्या दिवशी त्यांनी हेच शिकवलं होतं."

"म्हणजे त्याच्या नकळत कुणीतरी बंद केली. किल्ल्या चौघांकडे. वितोमिर मेला. संचालक बेलग्रेडला. सावका सहाला घरी गेली. मग उरतं कोण? आणि पहाटे चारनंतर त्या पेटीतली तार सोडवायला मोकळं कोण होतं? ज्याची संध्याकाळ आणि रात्र पन्नास माणसांनी पाहिलीय, त्यालाच पंखा शनिवारी बंद पडलेला हवा होता. आणि त्यालाच कोंडा पुरायची घाई होती, कारण कोंडा काय बोलेल हे त्याच्याइतकं इथे कुणाला कळत नाही."

बाहेरून बिटाच्या गाड्या जात होत्या.  तिशानं शेगडीवरच्या झडपेच्या दांडीवर हात ठेवला.

"निखारा पहाटेपर्यंत टिकावा म्हणून," तो म्हणाला. "मी रात्री परत येऊन कोळसा घालणार होतो. बाबांना म्हटलं होतं, मी येतो बाराला. पण सणाला जायचं तर बाराला कोण उठतंय? म्हणून जाताना झडप अर्धी ओढली. अर्धीच, न्यायाधीशबाई. ते तेव्हा पलीकडे ताटं बघत होते. ही दांडी सैल आहे. घसरून पूर्ण बसली असणार."

"आणि पहाटे?"

"पाच वाजता आलो. म्हटलं, ओरडणार म्हातारा. दार उघडलं तर खुर्चीत बसलेले. मी म्हटलं, 'बाबा, आलो.'" त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "झडप पाहिली आणि समजलं. खिडक्या उघडल्या. हलवलं, गालावर मारलं. मग... नेवेनाला काय सांगणार? तुझ्या बापाला मी मारलं, नाच करायला जायचं होतं म्हणून? असं सांगून घरात कसा राहणार?"

"म्हणून फेरी-बाचींना पुढे केलंस," मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं, पण बोलले.

"त्यांचं नाव माझ्या डोक्यातही नव्हतं! पेटी उघडली तेव्हा नव्हतं. वाटलं, पंखा बिघडला म्हणतील, नशीब म्हणतील, संपेल. मग ते जमिनीवर बसले आणि म्हणाले 'माझ्या हातानं मेला'. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. रोज सकाळी उठून म्हणायचो, आज सांगतो."

"रोज म्हणजे तीन दिवस," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आणि त्यातल्या एका सकाळी उठून तू कोंडा पुरायला लावलास."

तिशानं मान खाली घातली. त्या उठल्या, दाराकडे गेल्या आणि थांबल्या.

"एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. डॉक्टर आता म्हणतात, पहाटे हलवताना तो इतका ताठरलेला होता म्हणजे रात्री नऊच्या आतच गेला असणार. तू कबूल केल्याप्रमाणे बाराला आला असतास, तरी तो वाचला नसता. पहाटे पाचला तू नुसता रस्त्यावर जाऊन ओरडला असतास, तर तुझ्यावर एका निष्काळजीपणाचा ठपका आला असता. लोकांनी शिव्या दिल्या असत्या, आणि कधीतरी माफही केलं असतं. त्यानंतर जे केलंस ते सगळं तू जागेपणी केलंस."

६

तिशाला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. संचालकांची बदली झाली. वाळवणीच्या खोलीत विजेची शेगडी आली, जी विताकाका दोन वर्षं मागत होते.

कोर्टाच्या निकालानंतर आठ दिवसांनी नेवेना माझ्याकडे आली. हातात पिशवी, त्यात तिशाचे धुतलेले सदरे.

"भेटायला निघालेय," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

"जाऊ नये असं वाटत असेल तर..."

"वाटतं. जाणार आहे." ती ओट्यावर बसली. "सावका, एक विचारू? ती दोन ताटं तू शीतखोलीत ठेवली नसतीस, तर आज माझा नवरा घरी असता. माहितीय ना तुला?"

 चार महिने मी हाच प्रश्न तिच्या तोंडून ऐकायला घाबरत होते.

"घरी असता," तीच म्हणाली. "माझ्या टेबलाशी बसून जेवला असता. आणि फेरी-बाची आत असते. आणि मी दर रविवारी बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावून फेरी-बाचींना शाप दिला असता. सगळं आयुष्य एका चांगल्या माणसाला शाप देण्यात घालवलं असतं, आणि तिशानं मला तसं करू दिलं असतं. हे मी त्याला माफ करू शकत नाही. बाबांचं एक वेळ करेन. हे नाही."

 मग ती उठली.

"बस अकराची आहे. त्याआधी एका ठिकाणी जायचंय. एकटीनं पाय उचलत नाही. येतेस?"

फेरी-बाचींचं घर नदीच्या बांधाला लागून होतं. त्या प्रकरणानंतर त्यांनी काम सोडलं होतं. निर्दोष ठरल्यावर लोक मुद्दाम हाक मारायचे, दारू पाजायला बोलवायचे, पण ते कुणाकडे जात नसत. म्हणायचे, 'त्या तीन दिवसांत मी स्वतःच स्वतःवर विश्वास ठेवला नाही, तर गावाला काय बोल लावू?'

ते अंगणात द्राक्षाच्या वेलीच्या काड्या छाटत होते. आम्हाला पाहून कात्री खाली ठेवली. नेवेना फाटकाशीच थांबली. रस्ताभर तिने काय बोलायचं ते घोकलं होतं, मला ऐकू येत होतं. 

"बाची," एवढंच ती म्हणाली. "मी विताची मुलगी."

"माहितीय मला, पोरी. तुझ्या बाप्तिस्म्याला मी बासरी वाजवली होती." त्यांनी पँटला हात पुसले, फाटकाची कडी काढली आणि तिच्या हातातली सदऱ्यांची पिशवी स्वतःकडे घेतली. कुणाचे सदरे आहेत ते त्यांना दिसलं असणार. त्यांनी ती जपून बाकावर ठेवली, खाली ओल होती म्हणून.

"बस अकराचीच ना?" ते म्हणाले. "मग कॉफीपुरता वेळ आहे. या आत."

नेवेना आत गेली, आणि तिथे, त्यांच्या स्वयंपाकघरात, बाप गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली.